नायडॉर्फकाका

पवईतल्या आमच्या सोसायटीत काकांचं खरं नाव फक्त मेन्टेनन्सच्या बिलावर दिसतं. एरवी ते नायडॉर्फकाका. बुद्धिबळाच्या सिसिलियन बचावातला नायडॉर्फ हा त्यांचा धर्म, आणि धर्मप्रसाराला लिफ्टचे सात मजले पुरतात. “मिगेल नायडॉर्फ मूळचा पोलंडचा. १९३९ला ऑलिंपियाड खेळायला ब्यूनोस आयर्सला गेला, इकडे युद्ध पेटलं, गडी तिथंच राहिला!” हा चौथा मजला. “पाचव्या चालीला काळ्याचं प्यादं ए-सहावर. बी-पाच घर बंद!” सातव्याला दार उघडतं, काका ते हातानं अडवून १९७२च्या रेक्याविकमधल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत शिरतात. तिथं अकराव्या डावात, नायडॉर्फच्याच ‘विषारी प्यादं’ फाट्यात स्पास्कीनं फिशरचा वजीर कोंडला. ते सुतक काकांनी अजून फेडलेलं नाही.

त्यांच्या लेखी बुद्धिबळ म्हणजे ओपनिंग. पुढचा डाव ही निव्वळ आवराआवर. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २८ जुलै २०२५ला बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा पेढा तोंडात टाकत काका म्हणाले, “ओपनिंग बघतो, मग अभिनंदन.”

क्लबहाउसमधल्या रॅपिड स्पर्धेत त्यांची गाठ तिसरीतल्या एका मुलीशी पडली. खुर्चीवर उशी, उशीवर ती. तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. काकांनी सी-पाच खेळून बाह्या सारल्या. आता घोडा एफ-तीनला यायचा. आला उंट, सी-चारला!

काकांनी आर्बिटरकडे पाहिलं. चाल नियमात होती. दहा मिनिटं घड्याळ पळालं. शेवटी ‘कधी ना कधी खेळायचंच आहे’ म्हणून त्यांनी ए-सहा खेळलं. मुलीनं वजीर एच-पाचला नेला. काकांनी तिकडे ढुंकूनही न बघता बी-पाच करून उंटाला दटावलं. वजीर एफ-सातवर टेकला.

“चेकमेट, काका.”

चार चाली. काकांची तयारी बावीस चालींची होती. पण खचतील ते काका कसले! त्यांनी तिला उठू दिलं नाही. पट पुन्हा मांडला, तिचा उंट जागेवर ठेवला, घोडा एफ-तीनला आणला आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच बाविसाव्या चालीपर्यंत गेले.

“मग मी हरले असते?” मुलीनं विचारलं.

“छे गं, बरोबरी!” काकांचा चेहरा उजळला. “पण काय देखणी बरोबरी!”