गव्हाणीवरचा जावई

केज तालुक्यातल्या विड्याला धुळवडीच्या दिवशी गावच्या जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. सण जवळ आला की जावई परागंदा होतात आणि गावकरी पाळत ठेवून एखाद्याला धरून आणतात. मोटारीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह हा थेट त्या गाढवावरचा जावई. वेग दुसऱ्याने ठरवायचा, दिशा दुसऱ्याने, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मॉडबसचा नियमच तसा आहे. 1979 साली मॉडिकॉन कंपनीने ही बोली काढली. तिच्यात पीएलसीने, म्हणजे यंत्रांना हुकूम देणाऱ्या संगणकाने, विचारायचं आणि ड्राइव्हने उत्तर द्यायचं. ‘मी तापलोय’ एवढंसुद्धा त्या गरिबाला आपण होऊन सांगता येत नाही.

आमच्याकडच्या एका साखर कारखान्यात गव्हाणीला असा जावई बसवला. मिलच्या तोंडाशी ऊस साचला की गव्हाण हळू, तोंड रिकामं पडलं की जोरात, हे काम आजवर गव्हाणीवरचे जुने कामगार अण्णा कानाने करत. मिलचा सूर बदलला की त्यांचा हात बटणावर. आता उसाची उंची सेन्सर बघणार, हिशेब पीएलसी करणार आणि हुकूम दोन तारांवरून ड्राइव्हकडे जाणार.

त्या दोन तारांची नावं ए आणि बी. एका कंपनीचा ए तो दुसरीचा बी असू शकतो. कुणीही चुकीचं नसतं आणि गव्हाण मात्र जागची हलत नाही. तारा अदलाबदल केल्या, दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर लावले, तरी शांतता. ड्राइव्हच्या पुस्तकात वेगाच्या खणाचा, म्हणजे रजिस्टरचा, क्रमांक 40001 छापलेला. तारेवरून जाताना तोच शून्य होतो. काही पीएलसी हा एक आपणच वजा करतात, काही करत नाहीत. वेगाचा आकडा शेजारच्या खणात जाऊन पडत होता.

“ऐकायलंय ते,” अण्णा म्हणाले, “पण मनावर घीना झालंय.”

मग पुण्याहून आलेल्या पोराने 50 हर्ट्झसाठी 50 पाठवले. ड्राइव्हला दोन दशांश स्थळं धरून 5000 हवे होते. त्याने इमानदारीत अर्धा हर्ट्झ दिला. मोटार नुसती गुणगुणत बसली. पोरगा पडद्याकडे बोट दाखवून “चालू आहे, चालू आहे” म्हणतोय आणि अण्णा गव्हाणीच्या पट्टीवर खडूची रेघ मारून ती सरकते का ते बघतायत.

शेवटचा प्रश्न होता, बोलणं मध्येच तुटलं तर ड्राइव्हने काय करायचं? थांबायचं, की शेवटच्या हुकमावर चालत राहायचं? चालत राहिला तर ऊस तोंडावरून सांडणार, थांबला तर मिल रिकामी फिरणार. पोराने थांबणं निवडलं. अण्णांनी मान डोलावली. “अबोला धरला की पळत सुटू नये. आमच्या हिला इचारा.”

गव्हाण सुरू झाली. पडद्यावर मागितलेला वेग 38.00, मिळालेला 37.96. अण्णा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

“सायेब, हे मधले चार पॉइंट कोन मारायलंय? पीएलसी का ड्राइव्ह?”

“अण्णा, एवढं तर चालतंच.”

“काट्यावरचे बी असंच म्हणतेत.”