अंतरराव

“थांबा! दोन पॉइंट दोन.”

सकाळी साडेसहाला दुधाची पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला असं अडवणारे गृहस्थ पुण्यात एकटेच नसावेत. आमच्या सोसायटीत त्यांना अंतरराव म्हणतात. पाटीवर वेगळं नाव आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. अंतरराव तुमच्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी जोखतात, मीटरमध्ये जाहीर करतात आणि मग खिशातून सुताराची स्टीलची टेप काढून तिचं टोक तुमच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लावतात. “दोन पॉइंट शून्य पाच. पंधरा सेंटिमीटर चुकलो.” मग जरा विचार करून, “हल्ली पोट पुढे आलंय का तुमचं?”

हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत. गळ्यात काळा पट्टा, पट्ट्याला जुना कॅमेरा, खिशात लेन्स पुसायचं फडकं, आणि तोंडी कित्येक वर्षं एकच प्रश्न : हाताने फोकस करायचा रेंजफाइंडर घ्यावा, की एकच लेन्स कायमची बसवलेला, आपला आपण फोकस करणारा छोटा कॅमेरा घ्यावा? लोकांची या अवधीत लग्नं झाली, घटस्फोट झाले, सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाऊन बिल्डर पळून गेला. अंतररावांचं ठरत नाही.

अंतर मोजण्याचं खूळ या प्रश्नातूनच आलेलं. रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. ३५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर आठवर आणि फोकस पाच मीटरवर ठेवला, की साधारण अडीच मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग फोकस करत बसायला नको. कॅमेरा उचलायचा आणि दाबायचं. माणूस अडीच मीटरच्या अलीकडे आला तरच पंचाईत, आणि ती टाळायला अंतराचा अंदाज पक्का हवा. अंदाज पक्का व्हायला रियाज हवा. हा रियाज ते आमच्यावर करतात. बँकेतल्या कॅशियरवर करतात. रिक्षाच्या मीटरकडे बघून “पॉइंट आठ” म्हणाले, तेव्हा रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेऊन भांडण काढलं. एकदा एका घरी तेराव्याला सगळे माना खाली घालून बसले होते. अंतरराव हार घातलेल्या फोटोकडे एकटक बघत होते आणि हलकेच म्हणाले, “साडेतीन.” कर्त्या मुलाने घाईने घड्याळाकडे पाहिलं आणि गुरुजींना आवरतं घ्यायला सांगितलं.

रेंजफाइंडर म्हणजे काय हे त्यांना विचारू नये. विचारलं नाही तरी ते सांगतातच, म्हणून मी इथे सांगून टाकतो. या कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधून बघतच नाही. लेन्सच्या वर एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. पलीकडे दुसरी छोटी खिडकी, तिच्यातली आकृती आतल्या आरशांवरून फिरून पहिल्या खिडकीच्या मधोमध उमटते. लेन्सची कडी फिरवली की ही दुसरी आकृती डावी-उजवीकडे सरकते. दोन्ही आकृत्या एकमेकींवर चपखल बसल्या की फोकस झाला. “दोनाचं एक!” इथे अंतरराव दोन्ही तर्जन्या हवेत एकमेकींवर सरकवतात आणि डोळे मिटतात. अद्वैताचं इतकं स्वस्त प्रात्यक्षिक शंकराचार्यांनाही जमलं नसतं.

त्यांच्याकडचा रेंजफाइंडर मात्र लायका नव्हे. लायकाची गोष्ट ते सांगतात तेव्हा आवाज देवघरातला होतो : १९२५ साली बाजारात आलेला पहिला लायका, ऑस्कर बार्नाकचं डोकं, १९५४ चा एम-थ्री. त्यांच्या गळ्यात आहे तो झोर्की. सोव्हिएत रशियाने जुन्या लायकावरून उचललेल्या घराण्यातला, जुन्या बाजारात एका रविवारी मिक्सरची भांडी आणि नळाच्या तोट्या यांच्यामध्ये सापडलेला. कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचा चकचकाट लपवायला त्यावर काळी पट्टी चिकटवायचा म्हणून यांनी झोर्कीला इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी गुंडाळली. आता तो मीटरबोर्डातून काढल्यासारखा दिसतो.

या झोर्कीने भाच्याच्या मुंजीचा अख्खा रोल काढला. छत्तीस फोटो. मातृभोजन, भिक्षावळ, रडका बटू, त्याहून रडका मामा. प्रत्येक वेळी कडी फिरली, दोनाचं एक झालं, खटका दाबला गेला. रोल धुऊन आला तेव्हा त्यावर छत्तीसच्या छत्तीस वेळा काहीही नव्हतं. लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं होतं. बघायची खिडकी वेगळी असल्यामुळे अंतररावांना सगळं लख्ख दिसत होतं. अंधारात होती ती फक्त फिल्म. बहीण तीन महिने बोलली नाही. अंतररावांचं म्हणणं, “पण फोकस परफेक्ट होता.”

यावर कोणीही समंजस माणूस ऑटोफोकसकडे वळला असता. अंतरराव वळलेही. पुतण्याने फुजीचा एक्स-हंड्रेड आणला : ३५ मिलिमीटरच्या तोडीची एकच लेन्स, आपोआप फोकस, चेहरा ओळखण्याची सोय. ते तो घेऊन गणपतीत निघाले. नातीला कडेवर घेऊन सूनबाई मंडपापुढे उभ्या, मागे आपल्याकडे असतो तसा फ्लेक्स. कॅमेऱ्याने क्षणात चेहरा ओळखला, त्याभोवती चौकोन काढला, फोकस केला. फोटोत नात धुरकट आली आणि मागचे भावी नगरसेवक मिशीच्या केसाकेसासकट स्पष्ट. फ्लेक्सवर त्यांच्या सोबत आणखी अकरा चेहरे होते, पुढच्या फोटोंत कॅमेऱ्याने तेही ज्येष्ठतेनुसार टिपले. अंतरराव रागावण्याऐवजी प्रसन्न झाले. “बघा! यंत्राला माणूस ओळखता येतो, पण आपला माणूस ओळखता येत नाही.” हे वाक्य त्यांनी पुढचे सहा महिने प्रत्येक भेटीत, अंतर सांगून झाल्यावर, ऐकवलं.

एवढं असूनही निकाल लागला नाही. २०१५ मध्ये खुद्द लायकानेच क्यू नावाचा ऑटोफोकसचा, एकाच पक्क्या लेन्सचा कॅमेरा काढला, तेव्हा घरच्याच माणसाने पक्ष बदलल्यासारखे ते खचले. मग किंमत वाचली आणि सावरले. २०२४ च्या फेब्रुवारीत एक्स-हंड्रेडची सहावी आवृत्ती आली आणि जगभर तिच्यासाठी प्रतीक्षायाद्या लागल्या. अंतरराव लगबगीने एका यादीत नाव घालून आले. कितीतरी वर्षांनी त्यांना शांत झोप लागली असावी. ठरवायलाही नको आणि पैसेही द्यायला नकोत.

वहिनींना या सगळ्याबद्दल विचारलं तर त्या पोळी लाटता लाटता सांगतात, “मला बघायला आले तेव्हा अर्ध्या तासात हो म्हणाले. तेव्हा हे कॅमेऱ्याचं नव्हतं म्हणून. नाहीतर मी अजून पोहेच देत असते.”

मला या माणसाचा वैताग येतो. माझ्याकडून त्यांनी दोन पुस्तकं नेली आहेत आणि एका पुस्तकात खूण म्हणून टेपचा तुटका तुकडा घालून परत केलं आहे. तरी एक गोष्ट कबूल करणं भाग आहे. माझी काकू गेली तेव्हा पेपरात द्यायला फोटो हवा होता. सगळ्यांच्या फोनमध्ये मिळून तिचे शेकडो फोटो निघाले, आणि सगळ्यांत ती हसत होती. तेच हसू, तेवढेच दात, मग ते बारसं असो की हॉस्पिटलमधून घरी आल्याचा दिवस. फोन समोर आला की काकू हसायची, कारण फोनला अर्धा सेकंद पुरतो आणि अर्धा सेकंद कोणीही हसू शकतं. शेवटी छापला तो अंतररावांच्या झोर्कीतला. त्यांना फोकस करायला इतका वेळ लागला होता की काकूचं हसू येऊन, दमून, निघून गेलं होतं, आणि “अरे, झालं का?” असं विचारायला तिने नुकतीच मान उचलली होती. आम्ही आयुष्यभर पाहिलेली काकू ती. फोकस डोळ्यांवर नाही, कानातल्या कुड्यांवर आहे. तेवढं चुकलंच.

नंतर त्यांचा अल्बम चाळला तेव्हा लक्षात आलं की त्यात सगळेच असे आहेत. इस्त्रीवाला, वहिनी, वॉचमन, वारीतल्या म्हाताऱ्या, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांच्या चेहऱ्यावर “झालं का?” आहे. फोटोसाठी धरलेला चेहरा गळून पडल्यानंतरचे हे चेहरे. अंतररावांना याचा पत्ताच नाही. त्यांना विचारलं तर ते म्हणतील, हा एक पॉइंट आठवर, हा तीनवर.

गेल्या वर्षी त्यांच्या दोनाचं एक होईना. आधी त्यांनी झोर्कीला दोष दिला, मग आरशांवर बुरशी आली असेल म्हणाले. निघाला मोतीबिंदू. वहिनींनी त्यांना डॉक्टरकडे नेलं, मी गाडी चालवायला म्हणून बरोबर. डॉक्टर तरुण आणि बोलका. त्याने समजावलं की माणसाच्या डोळ्यातली मूळ लेन्स ही ऑटोफोकसच असते. स्नायू तिचा फुगवटा कमी-जास्त करतात आणि जवळचं-लांबचं आपोआप दिसतं. चाळिशीपासून ती ताठर होत जाते. आता ती काढायची आणि तिच्या जागी बसवायची ती फिक्स्ड लेन्स. साधी घेतली तर एकाच अंतरावरचं स्वच्छ, बाकीला चष्मा. मल्टिफोकल घेतली तर चष्म्याची गरज कमी, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात.

आयुष्यभर ऑटोफोकसला नावं ठेवणारा माणूस डोळ्यात तोच घेऊन हिंडत होता, आणि तो काढून टाकताना त्याला ही बातमी कळत होती. अंतरराव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “या लेन्सचे सँपल फोटो आहेत का?”

“काका, ज्याला बसवली त्यालाच ते दिसतात.”

मी मनात म्हटलं, झालं, आता हे दोन वर्षं चालणार. डॉक्टर म्हणाला, बहुतेक लोक लांबचं मागतात, काही जवळचं. साधी लेन्स घेतलीत तर नेमकं कुठलं अंतर हवंय?

“सव्वा मीटर,” अंतरराव लगेच म्हणाले.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. “सव्वा मीटर कोणी मागत नाही हो. काय असतं तिथे?”

“स्वयंपाकघरातलं टेबल. ही समोर बसते.”

वहिनी पर्समध्ये रिपोर्ट शोधत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “एक पॉइंट एक. टेबल मी दिवाळीत सरकवलंय.”

उजव्या डोळ्याचं असं दोन मिनिटांत ठरलं. डाव्याचं पाडव्यापासून चाललंय.