काळी पाचची भीती

ओमानमध्ये रविवार कामाचा, त्यामुळे इथल्या ख्रिस्ती मंडळीचा प्रभुवार बहुधा शुक्रवारी उजाडतो. चर्चही गल्लोगल्ली नाहीत. मस्कतमध्ये ती सुलतानांनी दिलेल्या जमिनींवर, रुवी आणि घला इथे उभी आहेत. मस्कतच्याच अल खौद भागात विद्यापीठ आहे, गजबजलेला बाजार आहे, चर्च नाही. तेव्हा अल खौदच्या ज्या मराठी माणसावर ‘या शुक्रवारी गाणी तुम्ही घ्या’ अशी कृपा होते, त्याला भिण्यासाठी विमानतळापलीकडच्या घलापर्यंतचा ऐसपैस रस्ता मिळतो. पहिल्या गोलचौकात पट्टी चुकणार असं वाटतं, विमानतळापाशी दुसरं कडवं डोक्यातून उडून जातं आणि शेवटी आपण एकटेच गातोय, समोर स्मशानशांतता आहे, हे चित्र पुरतं रंगतं. घला हे नाव मग ‘घाला’ असं ऐकू येऊ लागतं.

माझं म्हणणं एवढंच, की या तिन्ही भीती एकाच गैरसमजाच्या पोटी जन्मतात: उपासना म्हणजे आपली मैफल आणि समोर बसलेत ते श्रोते. मैफलीत लोक गवयाकडे बघतात हे खरं; पण एरवी ते आपल्याला वाटतं त्याच्या जेमतेम निम्म्यानेच बघतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, लाज वाटावी असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी शर्ट पाहिला असणार, असा त्यांचा अंदाज; प्रत्यक्षात पाहिला होता सुमारे पाव लोकांनी. उपासनेत तर हा आकडा आणखी घसरावा. कुणी गीताचा क्रमांक शोधत असतं, कुणी बाकाखाली गेलेलं पोर. तुमचा चुकलेला कोमल गंधार टिपायला मोकळं आहे कोण?

आणि मराठी माणसाला हे शिकायला अमेरिकेत जायचंही कारण नाही. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात ते शोभेला नव्हे. बुवांचा दम संपला की टाळकरी चाल उचलतात. बुवा शब्द विसरले की काय, हे पांडुरंगालाच ठाऊक. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीने हे कीर्तन एकोणिसाव्या शतकातच आपलंसं केलं. पुढे 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगाच्या वळणाने भजनं रचली, ती विलायती चालींत अवघडलेल्या मराठी गळ्यांना मोकळेपणाने गाता यावीत म्हणून. आपल्या भाषेत चर्चच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात, ‘प्रेक्षक’ नाही, हेही उगाच नाही. नाटक मंडळी, भजनी मंडळी: जी मंडळी आहे, ती कामाला लागलेली असते.

यावर कुणी म्हणेल, मग तालीम नको, सूर नको, देवाला काहीही चालतं? तसं नाही. बायबलमधल्या पहिल्या इतिहासाच्या पंचविसाव्या अध्यायात मंदिराच्या शिकवून तयार केलेल्या गायकांची मोजदाद आहे: 288. पण तिथेच त्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या, गुरू आणि शिष्य एकाच मापाने. तयारी हवी, तोरा नको. दुसरा आक्षेप जास्त सात्त्विक आहे: ही भीती म्हणजे देवाचा धाक, ती असलेलीच बरी. असेल, पण देवाचा धाक वेगळा आणि तिसऱ्या बाकावरच्या मावशींचा वेगळा. पहिल्याने गुडघे टेकतात, दुसऱ्याने नुसते लटपटतात. तिसरा आक्षेप प्रामाणिक: आवाजच बेताचा आहे हो! मोशेचीही हीच तक्रार होती, आपली जीभ जड आहे म्हणून. देवाने जीभ हलकी केली नाही, अहरोन नावाचा भाऊ सोबत दिला.

म्हणून उपाय साधा. पहिल्या बाकावर एखादा खणखणीत अहरोन बसवावा आणि काळी पाचसारख्या चढ्या पट्टीचा मोह सोडून गाणं दोन स्वर खाली घ्यावं. वरच्या पट्टीत पुढारी एकटा पडतो आणि एकट्याची चूक शेवटच्या बाकापर्यंत पोचते. खालच्या पट्टीत सगळे गातात. चूक तेव्हाही होतेच. पण ती कुणाची, हे तिसऱ्या बाकावरच्या मावशींनाही सांगता येत नाही, कारण एव्हाना त्या स्वतःच दुसरं कडवं चुकवत असतात.