आधी हुकूम काढा

चहाला उकळी फुटायच्या आत नवशिका दोन मॅच हरला होता. तिसरी चालू होती आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. मुरलेल्याला काळजी वाटली ती त्या हसण्याची.

"धरला!" नवशिका ओरडला. "दादा, बघ, अडकला! आता पळून दाखव म्हणावं!"

"कोण अडकलं?"

"पिकाचू."

मुरलेल्याने हातातली बशी खाली ठेवली. "डगट्रिओ खर्च करून तू पिकाचू धरलास?"

"अडकला ना पण?"

"अरे, बिबट्यासाठी लावलेल्या पिंजऱ्यात उंदीर सापडला तर पेढे वाटतात का?"

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत ब्रिजवाले काका बसले होते. एरवी या वेळेला ते क्लबात असायचे, पण आज चौथा गडी ताप घेऊन घरी झोपला होता आणि तीन जणांत ब्रिज होत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि लॅपटॉपकडे मान वळवली.

"डगट्रिओ म्हणजे काय रे?"

"तीन डोकी आहेत काका, जमिनीतून वर आलेली. खाली धड आहे की नाही ते कुणी पाहिलेलं नाही."

"म्हणजे आमच्या सोसायटीची कमिटी," काका म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

तेवढ्यात पिकाचू एका वारात पडला. नवशिक्याने टाळी मागितली, मुरलेल्याने हात पुढे केला नाही. समोरच्याने, म्हणजे नवशिक्याच्या कॉलेजातल्या मित्राने, पिकाचूच्या जागी शांतपणे गायराडोस आणला. गायराडोस पाण्याचा आणि उडणारा. जमिनीचा वार त्याला लागत नाही आणि डगट्रिओच्या सापळ्यात तो सापडतही नाही. नवशिका डगट्रिओला मागे घेत होता तेवढ्यात गायराडोसने ड्रॅगन डान्स करून ताकद आणि वेग दोन्ही वाढवून घेतले. पुढच्या पाच टर्नमध्ये नवशिक्याचे पाच गडी गेले. चहा गाळून झाला तेव्हा मॅच संपली होती.

"एक मारला आणि पाच दिले," मुरलेला म्हणाला. "व्याजाचा दर बघ."

ज्यांच्या घरात हा खेळ शिरलेला नाही अशी भाग्यवान घरं अजून असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. पोकेमॉन १९९६ साली जपानमध्ये आला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडायचा नाद होता, आणि पुढचं सगळं त्या नादातून आलं. स्पर्धेत दोन्ही बाजूंना सहा-सहा गडी असतात, नेहमीच्या लढतीत एका वेळी एकच समोर असतो. प्रत्येक टर्नला खेळाडू एकतर वार करतो किंवा गडी बदलतो. आगीसमोर पाणी आलं की आगवाल्याने मागे जायचं आणि पाण्याला पुरून उरणारा पुढे पाठवायचा. सगळा खेळ या आदलाबदलीवर उभा आहे. सापळा लावणारा गडी ही आदलाबदलच बंद करतो.

"म्हणजे समोरच्याला पान बदलू द्यायचं नाही?" काकांनी विचारलं.

"बरोबर. २००२ साली तिसऱ्या पिढीचे गेम आले, त्यात प्रत्येक पोकेमॉनला एक अंगचा गुण मिळाला. डगट्रिओला मिळाला अरिना ट्रॅप. जमिनीवर पाय असलेला कुणीही त्याच्यासमोरून हलू शकत नाही. जपानीत या गुणाचं नाव आरिजिगोकू. शब्दशः मुंग्यांचा नरक."

"काय भयंकर नाव!"

"वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून एक किडा तळाशी दबा धरून बसतो, बघितला असेल तुम्ही. मुंगी कडेवर आली की वाळू घसरते. त्याला ते लोक आरिजिगोकू म्हणतात. दुसरा गुण शॅडो टॅग. तो व्हॉबफेटला मिळाला. त्याचं जपानी नाव कागेफुमी. आपल्याकडची पोरं जशी विषामृत खेळतात, तशी तिथली पोरं एकमेकांच्या सावलीवर पाय देण्याचा खेळ खेळतात, तोच हा."

किडे पकडणाऱ्या पोराने काढलेल्या खेळात किड्याचाच सापळा यावा, यात नवल नाही. नवल याचं, की हा सापळा हातात आला की शहाणीसुरती माणसंसुद्धा दिसेल त्याच्यावर तो टाकत सुटतात.

"दादा, मग मी कुणाला धरायचं?"

"तू जिंकणार कुणाच्या जिवावर आहेस, ते आधी सांग."

नवशिका गप्प झाला. हा प्रश्न त्याच्या टीमला कुणी विचारला नव्हता. त्याच्या टीममध्ये सहा जण होते कारण सहा लागतात म्हणून.

"टीममध्ये व्होल्कारोना आहे ना तुझ्या?"

"आहे. दिसायला भारी आहे म्हणून घेतला."

"दिसणं राहू दे. आगीचा आणि किड्यांचा, दोन्ही जातींचा आहे तो. क्विव्हर डान्स एकदा जमला की अर्धी टीम जाळतो. त्याला अडवतं कोण? हीट्रान. हीट्रान पोलादाचा आणि आगीचा. फ्लॅश फायर हा गुण असेल तर आगीचा वार त्याला लागत नाही, उलट आग खाऊन तो जास्त पेटतो. किड्यांचा वार चतकोर लागतो. म्हणजे हीट्रान जिवंत आहे तोवर तुझा व्होल्कारोना लग्नातला घोडा. सजवलेला, पण पळायचं नाही."

"आणि हीट्रानला कोण मारतं?"

"जमीन. चौपट. डगट्रिओचा एक अर्थक्वेक, हीट्रान साफ. आणि पळून जायची सोय नाही."

काका एकदम ताठ बसले. त्यांना पोकेमॉन कळला नव्हता, पण डाव कळला होता.

"अरे, हे तर हुकूम काढून घेणं झालं! माझ्या हातात चौकटची लांबलचक रांग आहे, सगळी पानं चढती. पण बाहेर एक हुकूम शिल्लक आहे, आणि तो माझ्या राणीवर पडणार. मग मी काय करतो? आधी तो हुकूम बाहेर काढतो. त्यासाठी माझं एक चांगलं पान गेलं तरी चालतं. नंतर चौकट आपोआप चालते. आणि नवखे काय करतात? दुर्रीवर हुकूम मारतात आणि खूश होतात."

"ऐकलंस?" मुरलेला म्हणाला. "काकांनी एकही मॅच न खेळता सांगितलं."

नवशिक्याने वहीत लिहिलं, 'हुकूम = हीट्रान'. मग त्याला नवी शंका आली. "पण मी डगट्रिओ आणला की पहिला वार त्याच्यावर बसतो आणि तो मरतो. दर वेळी."

"मरणारच. त्याच्या जिवाचा मूळ आकडा ३५ आहे. वेगाचा १२०. म्हणजे पळायला तरबेज, मार खायला पापड. त्याला उघड्या वारात आणायचंच नाही. तुझा एखादा गडी पडला की त्याच्या जागी फुकटात आण. नाहीतर यू-टर्न किंवा व्होल्ट स्विच मारणारा हळू चालणारा जोडीदार ठेव. तो आधी मार खातो, मग वार करून परत येतो, आणि त्याच्या जागी डगट्रिओ अंगावर ओरखडा न येता उतरतो. आणखी एक जागा आहे. हीट्रान तुझ्या बाजूला स्टेल्थ रॉकचे धोंडे टाकणार असं वाटलं, की त्याच टर्नला डगट्रिओ आत. आदलाबदल आधी होते, धोंडे नंतर पडतात. त्याला लागत नाहीत."

"आणि अंदाज चुकला तर?"

"तर पापड."

या खेळात सगळ्यात कमी लक्षात येणारी गोष्ट वेगळीच आहे. २०१० सालच्या पाचव्या पिढीपासून लढतीआधी दोघांनाही एकमेकांचे सहाही गडी दिसतात. समोरच्याने डगट्रिओ पाहिला की तो हीट्रानला पुढे आणायला कचरतो. डगट्रिओने बोटही उचललेलं नसतं, आणि हीट्रान अर्धा निकामी झालेला असतो. काकांनी यावर एवढंच म्हटलं, की मास्तर वर्गात नसले तरी टेबलावर छडी दिसली की पुरतं.

"मग सगळे डगट्रिओच का नाही घेत?" नवशिक्याने विचारलं.

"घ्यायचे. सातव्या पिढीत त्याच्या हल्ल्याचा आकडा ८० वरून १०० झाला आणि लोक इतके वैतागले की स्मोगॉन या खेळाडूंच्या संकेतस्थळाच्या मुख्य गटात अरिना ट्रॅपवरच बंदी आली. शॅडो टॅगवर त्याआधीच आली होती. ज्या डावात समोरच्याला निवडच उरत नाही, तो डाव कसला, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या दोघांत बंदी नाही ठरली म्हणून तुझी हौस चाललीये."

बंदीचं हे म्हणणं पटण्यासारखं आहे. पण बंदी नसलेल्या दिवसांतल्या गोष्टी जास्त मजेच्या आहेत आणि मुरलेला त्यांवरच आला.

"तिसऱ्या पिढीत स्कार्मरी आणि ब्लिसी ही जोडी म्हणजे दगडी वाडा. अंगावरचे वार स्कार्मरी झेलणार, लांबून येणारे ब्लिसी. ब्लिसीच्या जिवाचा आकडा २५५, पण अंगावरच्या वारापासून बचावाचा फक्त १०. वाडा पाडायचा कसा? मॅग्नेटन आणायचा. त्याचा मॅग्नेट पुल फक्त पोलादी गड्यांना धरून ठेवतो. स्कार्मरी पोलादाची. अडकली, विजेने गेली, आणि मग त्या दहाच्या बचावावर टायरानिटार धावून आला."

"टायरानिटार पण सापळा लावतो ना?"

"त्याचा सापळा म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. पर्सूट नावाचा वार. समोरचा थांबला तर ताकद ४०, पळाला तर पळता पळता ८० ची. लाटिओससमोर टायरानिटार आला की लाटिओसने थांबायचं तर क्रंच बसणार, जायचं तर पर्सूट. दार उघडं असतं, पण दारात विंचू. २०१९ च्या गेमपासून पर्सूट काढूनच टाकला."

"आणि व्हॉबफेट?" काकांना सावली तुडवण्याचा खेळ आवडला होता.

मुरलेल्याचा चेहरा उजळला. व्हॉबफेट हा निळा, फुग्यासारखा जीव स्वतःहून कधीच वार करत नाही. समोरच्याने मारलं की दुप्पट करून परत देतो. आता तिसऱ्या पिढीत दोन्हीकडून व्हॉबफेट आले तर काय होईल? दोघेही एकमेकांच्या सावलीवर उभे, जायची सोय नाही. दोघेही वाट बघतात की समोरचा मारेल, आणि मारत कुणीच नाही. चाली संपल्या की स्ट्रगल नावाची धडपड उरते. तिने स्वतःला होणारी इजा तेव्हा दिलेल्या माराच्या चौथाई असायची, आणि व्हॉबफेटचा मार तो किती! दोघांच्या हातात लेफ्टओव्हर्स, म्हणजे उरलंसुरलं अन्न, असलं तर दर टर्नला सोळावा हिस्सा जीव परत भरतो. डाव संपतच नाही.

"भाऊबंदकीचा दावा," काका म्हणाले. "तारखांवर तारखा."

"चौथ्या पिढीत मिटला. शॅडो टॅगवाल्याला शॅडो टॅगवाला धरू शकत नाही असा नियम झाला, आणि स्ट्रगलची इजा स्वतःच्या पूर्ण जिवाच्या चौथाईवर नेली."

"शहाणे लोक. आपल्या कोर्टांना कळवा."

जोडीच्या लढतीत सापळ्याचं रूप अजून निराळं. तिथे प्रत्येकाचे दोन-दोन गडी समोर असतात. सहाव्या पिढीत मेगा गेंगार शॅडो टॅग घेऊन आला आणि त्याच्याबरोबर पेरिश साँगचा बेत जमला. हे गाणं ऐकलेल्याने मैदान सोडलं नाही, तर तीन टर्ननंतर तो कोसळतो. गाणाऱ्याची बाजू वेळेत बाहेर पडते, समोरच्यांच्या सावलीवर गेंगार उभा असतो. २०१४ ची जागतिक स्पर्धा वॉशिंग्टनला झाली, कोरियाच्या सेजुन पार्कने जिंकली. सगळ्यांना त्यातली पाचिरिसू नावाची खार आठवते. त्याच टीममध्ये शॅडो टॅगचा गुण मिळू शकणारी गॉथिटेल होती, तिचं नाव कुणी काढत नाही. सापळा लावणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, हे नवशिक्याला त्या क्षणी फारसं आवडलं नाही.

"बरं, आता सुटतात कोण ते लिहून घे," मुरलेला म्हणाला. "उडणारे अरिना ट्रॅपमधून सुटतात. लेव्हिटेटवाले तरंगतात, तेही. भुतं सहाव्या पिढीपासून कुठल्याच सापळ्यात सापडत नाहीत. शेड शेल हातात असेल तर कोणीही कात टाकून निघून जातो. यू-टर्नवाला वार करून जातो. आणि हो, एअर बल..."

"कळलं दादा, कळलं! मित्र वाट बघतोय."

चौथी मॅच सुरू झाली. नवशिका ओळखू येईना. पहिले पाच टर्न त्याने डगट्रिओला हात लावला नाही. एक गडी जाऊ दिला, दुसरा अर्धा होऊ दिला. समोर मासे आले, पाखरं आली, त्याने मोह टाळला. काका खुर्चीच्या टोकावर आले होते. "थांब, थांब, हुकूम बाहेर पडू दे," ते पुटपुटत होते. मुरलेल्याच्या डोळ्यांत गुरूचा अभिमान तरळू लागला होता.

आणि हीट्रान आला.

पडद्यावर एक ओळ उमटली. नवशिक्याने बटण दाबून ती घालवली. त्याचा गडी पडला, त्या जागी डगट्रिओ फुकटात उतरला. सगळं पाठ केल्याप्रमाणे. त्याने अर्थक्वेक निवडला आणि हात डोक्यामागे घेऊन मागे रेलला.

काही झालं नाही. हीट्रान जागचा हलला नाही. मग त्याने डगट्रिओला भाजून काढलं आणि तिन्ही डोकी एकदम जमिनीत गेली.

"चौपट लागतो म्हणालास!" नवशिका किंचाळला.

मुरलेल्याने मॅचची नोंद वर सरकवली आणि ती घालवलेली ओळ दाखवली. हीट्रानच्या हातात एअर बलून होता. कुठलाही वार लागून फुगा फुटेपर्यंत तो धरणारा हवेत तरंगतो, जमिनीचा वार त्याला लागत नाही, आणि अरिना ट्रॅप त्याला धरत नाही. गडी मैदानात येताक्षणी खेळ हे पडद्यावर लिहून सांगतो.