थोडक्यात टीपा लिहा

ज्या बारभाईंना राघोबादादांचा बंदोबस्त करता करता १७७४ पासून १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंतचा काळ खर्ची घालावा लागला, त्या बारभाईंचा समग्र बंदोबस्त पाच गुणांत आणि बारा ओळींत उरकावा, अशी अपेक्षा ‘कोणत्याही दोहोंवर थोडक्यात टीपा लिहा’ हे फर्मान सोडणाऱ्याच्या मनात असते. आणि आश्चर्य हे की, आपली मुले ती पुरी करतात.

इतिहासाचे पेपर तपासण्यात हयात घालविल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, टीप लिहिण्यास माहिती थोडी असली तरी चालते, धीर मात्र भरपूर लागतो. माहितगाराचे तर बहुधा नुकसानच होते. ‘चौथाई व सरदेशमुखी’ या टीपेखाली एका सरळमार्गी मुलाने, चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा, आणि दोहोंच्या सनदा १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणल्या, एवढे लिहून खाली रेघ ओढली होती. चूक काढण्यास जागा नव्हती. पण खाली कोरा कागद दिसला की परीक्षकाचा हात आपोआप आखडतो. पुढच्या उमेदवाराने हिशेबाच्या वाटेस न जाता बाळाजी विश्वनाथ शूर, मुत्सद्दी व दूरदर्शी होता हे निरनिराळ्या शब्दांत तीनदा सांगितले, मराठी सत्तेचा पाया दोनदा भक्कम केला आणि एक गुण अधिक नेला. तो मीच दिला, रिवाजाप्रमाणे दिला.

या धीराच्या शास्त्रातील मुख्य सिद्धांत असा की, ऱ्हासाची कारणे सर्व राजवटींस समाईक असतात. दुर्बळ वारस, रिता खजिना व दरबारातील कलह ही त्रयी मुखोद्गत असली म्हणजे मौर्यांपासून मोगलांपर्यंत कोणतेही साम्राज्य बुडविता येते, आणि वेळ उरल्यास पेशवाईही. उत्कर्षाचीही तीच तऱ्हा. रस्त्याकडेला झाडे लावविल्याचे अशोकाने स्वतःच कोरून ठेवले आहे, शेरशहाच्या सरायाही प्रसिद्ध आहेत. परंतु उत्तरपत्रिकांवर भरवसा ठेवायचा तर वाईहून प्रतापगडाकडे निघालेल्या अफझलखानानेही वाटेत दुतर्फा झाडे लावून विहिरी खोदल्या होत्या.

खरी मौज पुरंदरच्या तहाची. हे तह दोन : १६६५ चा शिवाजी महाराज व मिर्झाराजे जयसिंग यांचा, ज्यात २३ किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख गेला, आणि १७७६ चा बारभाई व इंग्रज यांचा, ज्यासाठी कलकत्त्याहून कर्नल अप्टन आला होता. प्रश्नात सन नसला की भाबडा मुलगा गडबडतो. बेरकी मुलगा दोन्ही तह एकाच परिच्छेदात घडवून आणतो. अशा एका टीपेत २३ किल्ले कर्नल अप्टनच्या हवाली झाले होते, आणि मिर्झाराजांनी राघोबादादांना पेन्शन देऊन कोपरगावी राहण्यास फर्माविले होते. किल्ल्यांचा आकडा बरोबर, कोपरगावही बरोबर. १११ वर्षे इकडची तिकडे झाल्याबद्दल किती गुण कापावेत, याचा दाखला मात्र परीक्षकांच्या सूचनापत्रात कोठेही मिळाला नाही.

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्या विद्वानांस विनंती एवढीच की, मुलांची कसोटी त्यांनी खुशाल घ्यावी. फक्त पुरंदरच्या तहापुढे कंसात सन छापावा.