आम्ही दोघी एकच

आमच्या घरात सध्या मोठी खरेदी बंद आहे. तसा ठराव कुणी मांडला नाही, पण एकमताने पास झाला आहे. फ्रिजचं दार लागत नाही म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारली आहे. मुलाच्या स्कूटरचं सीट फाटलंय, त्यावर टॉवेल आहे. मी पडद्यांचा विषय काढला की सून म्हणते, "आई, आता कशाला? चार-सहा महिन्यांत जायचंच आहे ना." हे चार-सहा महिने मागच्या दिवाळीच्याही आधी सुरू झालेत. घरात दोघंच उरणार म्हणून मी लोणचं लहान बरणीत घातलं होतं. चौघांनी ते होळीच्या आत संपवलं.

मुलगा आणि सून कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथं कायम राहण्याच्या परवानगीची, वाट बघताहेत. पीआर म्हणजे काय, हे आता राइट टाऊनमधल्या आमच्या दूधवाल्यालाही माहीत आहे. कोपऱ्यावरचा पानवाला मुलाला बघितलं की हाक मारतो, "काय बड्डे, आया क्या?" बड्डे म्हणजे दादा; जबलपुरात सगळेच बड्डे, त्यामुळे हाकेचं काही नाही. पण काय आलं हे त्याला सांगावं लागत नाही आणि यालाही विचारावं लागत नाही. हा नुसती मान हलवतो. पानवाला चुना लावता लावता चुकचुकतो.

या सगळ्या कारभाराचं नाव एक्सप्रेस एन्ट्री. २०१५च्या जानेवारीत तो सुरू झाला. पूर्ण अर्ज पोचला की बहुतेकांचा निकाल सहा महिन्यांत लावायचा, असं तिकडचं उद्दिष्ट. मी रेल्वेच्या गावात वाढले, एक्सप्रेस म्हणवणाऱ्या गाड्या पुष्कळ पाहिल्यात. नावावर मी फार गेले नाही. १,२०० गुणांपैकी तुम्हाला किती ते संगणक सांगतो. शिक्षणाचे, इंग्रजीचे, अनुभवाचे आणि वयाचे. वयाचे गुण एकोणतिशीपर्यंत पूर्ण, मग उतरायला लागतात आणि पंचेचाळिशीत शून्यावर येतात. मुलाचा तिसावा वाढदिवस झाला तेव्हा त्याचा अर्ज अजून गुणांच्या फेरीतच होता. मी पाटावर बसवून औक्षण केलं. सुपारी ओवाळत होते, तर निरांजनाकडे बघत तो म्हणाला, "आई, पाच गेले." मला वाटलं, पाचशे रुपये हरवले.

शिवाय कागदांना आयुष्य असतं, तेही माणसापेक्षा फार कमी. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. पदवीची पडताळणी पाच वर्षं. डॉक्टरी तपासणी बारा महिने. इथल्या पोलिसांचा दाखला अर्ज करताना सहा महिन्यांहून जुना चालत नाही. म्हणजे माणसाची सचोटी सहा महिने टिकते, तब्येत वर्षभर आणि विद्या पाच वर्षं. विद्येचं मला पटत नाही. बाकीच्या अंदाजांबद्दल तक्रार नाही.

पोलिसांच्या दाखल्याचं काम पूर्वी भोपाळच्या पासपोर्ट कार्यालयापर्यंत जायचं. २८ सप्टेंबर २०२२पासून त्याचा अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही घेऊ लागले. चौकशीला हवालदार घरी आला. चहा घेतला, पोहे नको म्हणाला, मग खाल्ले. समोरच्या भाभींना विचारलं, लोक कसे आहेत. भाभींनी एवढं भरभरून सांगितलं की मलाच संकोच वाटला. वही मिटताना हवालदार मुलाला म्हणाला, "इतने साल से यहीं हैं, सब अच्छा बोल रहे हैं, तो जा क्यों रहे हो?" तो प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.

फॉर्ममध्ये मागच्या दहा वर्षांचे सगळे पत्ते लिहायचे असतात, मध्ये फट नको. मुलाचं एका ओळीत संपलं. खरं तर आमचं घराणं असं एका जागी बसणारं नाही. यांचे आजोबा साताऱ्याकडून जबलपूरला आले ते गन कॅरेज फॅक्टरीत नोकरी धरायला. ही फॅक्टरी १९०४ची. माझे वडील आले नागपूरहून, कोर्टाच्या सामानाबरोबर म्हटलं तरी चालेल. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं हायकोर्ट जबलपूरला आलं. तोवर दोन्ही गावं एकाच राज्यात होती. झोपताना एका राज्यातली असलेली आमची आत्या सकाळी दुसऱ्या राज्यात उठली, आणि तिला कुणी एक कागदसुद्धा विचारला नाही. आमच्याही आधी मराठी माणूस इथं पोचला होताच. १७८१मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतलं, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८१७ला इंग्रजांकडे. ती मंडळी घोड्यावरून आली. त्यांच्याजवळ पोलिसांचा दाखला नव्हता, आणि मागितला असता तर मिळालाही नसता.

इतकं राहून आम्ही इथले झालो का? पुण्याला गेलं की कुणीतरी कौतुकाने म्हणतं, "जबलपूरच्या असून मराठी छान बोलता हो!" आणि जबलपुरात भाजीवाली विचारते, "आप लोग तो महाराष्ट्र से हैं ना?" यांचे आजोबा येऊन शंभर वर्षं होऊन गेली. कॅनडात पीआर मिळालेला माणूस पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथं राहिला की नागरिकत्वाचा अर्ज करू शकतो. पुण्याने किंवा जबलपूरने असा काही आकडा जाहीर केला असता, तर आम्ही तो केव्हाच भरून काढला असता.

फॉर्ममध्ये अर्जदाराच्या आईचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव मागतात. जन्मगावाची अडचण नव्हती. हायर सेकंडरीच्या सर्टिफिकेटवर माझं माहेरचं नाव आहे, ते नदीचं. लग्नात ताटभर तांदळांत यांनी अंगठीने लिहिलं ते सासरचं, ते देवीचं. मुलाच्या जन्मदाखल्यावर देवी आहे. बँकेच्या पासबुकात देवीच, पण मधे वडिलांचं नाव. तारीख गुरुजींनी शाळेत घालताना १ जुलै लावलेली. मी आहे माघातली. वडील हायकोर्टात आयुष्यभर नकला तपासत होते, ही एक त्यांच्या नजरेतून सुटली. पीआरचं काम बघणारा सल्लागार म्हणाला, "कदाचित लागणार नाही, पण शपथपत्र असलेलं बरं."

म्हणून मी जिल्हा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे गेले. ताडपत्रीखाली टेबल, त्यावर संगणक, संगणकावर हनुमानाचं स्टिकर. त्याच्याकडे मजकूर तयारच होता, फक्त नावं घालायची होती. तो म्हणाला, "माताजी, असली कौन सी लिखूँ?"

मी जरा विचारात पडले. नदीवाली लग्नापर्यंत राहिली, नुसता दंगा केला, बॅडमिंटनमध्ये बक्षिसं मिळवली. देवीवाली तेव्हापासून आजपर्यंत स्वयंपाकघर सांभाळून आहे. मी म्हटलं, "दोनों."

"दोनों नहीं चलता. एक असली, एक उर्फ़."

मागे माणसं खोळंबली होती. मुक्कामाच्या हिशेबाने देवी असली झाली, नदी उर्फ झाली. नोटरीने लाल शिक्का मारला, सही केली, आणि आम्ही दोघी एकच आहोत हे कायद्याने ठरलं. यांनी घरी कागद वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाले, "मला संशय होताच."

आपल्या फाइलचं काय चाललंय ते ५ डॉलर भरून कळतं. फाइलवरच्या आतल्या नोंदी मागवता येतात; तिथल्या नागरिकाने किंवा रहिवाशाने आपल्या वतीने मागितल्या तरी चालतं. सुनेच्या तिथल्या मैत्रिणीने मागवल्या. पानंच्या पानं आली, त्यांचा अर्थ एवढाच की बघणं चालू आहे. मुलगा हिरमुसला. हे मात्र खमरियाच्या फॅक्टरीत हिशेबखात्यात निवृत्त झालेले. यांनी चष्मा लावून ती पानं आवडीने वाचली. "टिपण्या चांगल्या लिहितात," म्हणाले.

अमेरिकेच्या मानाने हे काहीच नाही, असं आमच्या दिरांचं मत. त्यांची मुलगी न्यू जर्सीत आहे. तिकडे नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि एका देशाच्या वाट्याला त्यातली सात टक्क्यांहून जास्त सहसा येत नाहीत, मग देश भारत असो की आइसलँड. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं. त्यात भारतासमोरची तारीख तुमच्या तारखेपर्यंत आली की तुमची पाळी. ती सरकते, थबकते, कधी मागेही येते. मागे आली की दीर फोनवर "वक्री झाली" एवढंच बोलतात. नात तिथं जन्मली म्हणून नागरिक आहे, शाळेतून परेडला झेंडा धरून जाते. तिची आई अजून रांगेत आहे.

आमच्याकडे पासपोर्ट पाठवा असा ईमेल अखेर आला, बाजारात कैऱ्या दिसायला लागल्या तेव्हा. खव्याची जिलबी आणली, पानवाल्याकडेही पोचवली. आता पासपोर्ट ठप्प्यासाठी दिल्लीला गेलेत आणि दुसरी वाट बघणं सुरू झालंय. पोचला, मिळाला, प्रक्रियेत आहे. सून दर तासाला मोबाइल उघडते. इथं ग्वारीघाटावर नर्मदेचे परिक्रमावासी भेटतात. नियमाने चालणाऱ्याला तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस लागतात. त्यांचा मला हेवा वाटतो, शेवटचा दिवस कोणता हे त्यांना मोजता तरी येतं.

मुलाने एवढ्यातच पुढचं वाचून ठेवलंय. आईवडिलांसाठी सुपर व्हिसा असतो, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. किमान १,००,००० डॉलरचा आरोग्यविमा हवा, डॉक्टरी तपासणी हवी. पाच वर्षं मी तिथं काय करणार, हे कुणी विचारलं नाही. पण मला पासपोर्ट काढावा लागेल हे नक्की, आणि त्यावर कोणती मी, हा प्रश्न परत उठणार. परवा बाजारातून येताना मी रिक्षा मुद्दाम कोर्टावरून घ्यायला लावली. टायपिस्टला सांगितलं, तो मजकूर पुसू नका, लागणार आहे.

"सेव्ह है, माताजी," तो म्हणाला. "असली-उर्फ़ बदलना हो तो बता देना. पचास रुपए लगेंगे."