नाक विसरा

पाच वर्षांखालच्या मुलांना बोट फुकट, असं पाटीवर लिहिलं होतं. पुण्याहून जवळजवळ चारशे किलोमीटर पेट्रोल जाळत आलेल्या माणसाला ‘फुकट’ हा शब्द दिसला की पाटीवरचं पुढचं काही दिसत नाही. आमची नात एक वर्ष दहा महिन्यांची. म्हणजे ही सवलत तिला आणखी तीन वर्षं मिळणार होती. चिरंजीवांना ती त्याच दिवशी वसूल करायची होती.

स्थळ मालवण, काळ नाताळची सुट्टी. पात्रं सात: चिरंजीव, सूनबाई, लेक, जावई, हे, मी आणि नात. कार्यक्रम स्नॉर्केलिंगचा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडी उभी करतात. मग डोळ्यांवर काच, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे. आम्हा दोघांना या सहलीत का घेतलंय, हे निघताना मला कळलं नव्हतं. “आई, तुम्हीही चला, तुम्हाला समुद्र कुठे बघायला मिळतो!” असं सूनबाई फार प्रेमाने म्हणाली होती. माझं माहेर रत्नागिरीचं आहे.

आता ही माणसं कोण, तेही सांगते. पुण्यात कोपऱ्यावरून दूध आणायचं असलं तरी नातीला गाडीत तिच्या खास खुर्चीत पट्ट्याने बांधल्याशिवाय किल्ली फिरवत नाहीत. ती खुर्ची आमच्या सोफ्याहून महाग आहे. तिचं पाणी वीस मिनिटं उकळतं. मी उगाळायला काढलेल्या बाळगुटीला “याला पुरावा काय?” असं विचारण्यात आलं आणि सहाण माळ्यावर गेली. माझी काही तक्रार नाही. काळजी घ्यावीच. पण मालवणच्या जेटीवर ही सगळी काळजी चपलांबरोबर काठावर काढून ठेवली गेली. होडीत पाऊल टाकताना एकानेही पुरावा मागितला नाही.

“लहान मुलांचं जॅकेट आहे का?” हे मी विचारलं. होडीवाल्याने गठ्ठ्यातून सगळ्यात लहान शोधून दिलं. ते शाळकरी पोराचं होतं. नातीला घातल्यावर आतून फक्त दोन डोळे आणि एक जावळाची बट दिसत होती. कासवाला निदान मान बाहेर काढता येते. लहान मुलांचं जॅकेट वजनाच्या हिशेबाने असतं, त्याला मानेमागे उशी असते आणि पायांमधून एक पट्टा असतो. पट्टा नसला तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली सरकतं. हे मला माहेरी कुणी शिकवलेलं नाही. चिरंजीवांनीच आदल्या रात्री मोबाइलवर वाचून सगळ्यांना ऐकवलं होतं. सकाळी त्यांचं म्हणणं, “पैसे भरून झालेत, आई.”

“आज्ये, भियाची गरज नाय,” होडीवाला म्हणाला. “पाणी निवळ आसा.” माणूस चांगला होता, त्याचा राग नाही. पण मे २०२२ मध्ये इथेच शेजारी, तारकर्लीला, पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. समुद्र निवळ असला म्हणून भोळा असतो असं नाही. शेवटी ह्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि जॅकेटच्या पुढच्या बंदापासून मागच्या बंदापर्यंत नातीला लंगोटासारखा आवळला. तेवढ्याने समाधान मानून मीही होडीत बसले. शहाणी असते तर उतरून जेटीवर शेंगदाणे खात बसले असते.

आमची वेळ साडेआठची होती. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे आणि दुपारकडे उलटे फिरतात ते खारे वारे. आमच्या वेळी हा प्रश्न भूगोलात दोन मार्कांना यायचा. म्हणून पाणी सकाळी शांत असतं आणि ऊन चढलं की लाटा उठतात. पण नातीने उठणं, तिने खाणं, तिने न खाणं, तिचे कपडे, ते कपडे भिजणं आणि दुसरे कपडे, एवढं आटोपून आम्ही जेटीवर पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. दोन मार्कांचं उत्तर होडीला अनुभवायला मिळालं. जावईबापूंचा रंग पालटला. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट सहसा लागत नाही. फोंडा घाटातही आमच्या लेकीला गाडी लागली होती आणि नात तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती.

मग शिकवणी. होडीवाल्याचा पुतण्या, असेल विशीचा, उभा राहून सांगू लागला: “नाक इसरा. तोंडान श्वास घेवा.” त्या काचेत नाकही बंद होतं, त्यामुळे श्वास फक्त नळीतून. ऐकायला सोपं. चार उच्चशिक्षित माणसांना ते दहा मिनिटं जमेना. इंजिनिअर चिरंजीवांनी तीनदा नाकाने ओढून पाहिलं आणि तीनदा काच तोंडावर चिकटवून घेतली. लेक म्हणाली, आपण योगात तर उलटंच शिकतो. नातीलाही एक काच लावून बघितली. एवढ्याशा चेहऱ्यावर ती बसणार कुठे? कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळी नात काचेत. तिने ती काढून खोलगट बाजू वर केली आणि त्यात पाणी मागितलं. होडीतला अक्कल वापरण्याचा तो पहिला प्रसंग.

पाण्यात जायची पाळी दोघादोघांची. आधी चिरंजीव आणि सूनबाई. ते उतरल्यावर नातीला धरायचं कुणी, असा प्रश्न कुणी विचारलाही नाही, कारण उत्तर रत्नागिरीची समुद्र न बघितलेली बाई होऊन समोर बसलेलं होतं. बारा किलो. जॅकेट आणि पंचा वेगळे.

खरा दंगा झाला तो माशांवरून. मासे वर यावेत, फोटो भरलेला दिसावा म्हणून पुतण्या बाटलीतून बिस्किटांचा चुरा पाण्यात सोडत होता. चुरा संपला. त्याने विचारलं, “बिस्किट आसा काय?” जावईबापूंनी ओठ घट्ट मिटून, न बघता, हाताला लागलेला पुडा दिला. तो नातीचा होता. साखर नसलेला, नाचणीचा, पुण्याहून आणलेला. नातीने डोळ्यांदेखत आपला खाऊ समुद्रात जाताना पाहिला. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे गोळा झाले, सार्जंट मेजर म्हणतात त्यांना. त्यांना साखर नसल्याचं काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. नातीने जो सूर लावला तो किल्ल्याच्या तटाला आपटून परत आला. आईबापांना ऐकू गेलं नाही. दोघांची डोकी पाण्यात, अंगठे वर, कॅमेरा चालू.

बाजू नातीचीच बरोबर होती. हा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, चांगला २९ चौरस किलोमीटरांचा. ताडोबात वाघ जवळ यावा म्हणून कुणी जीपमधून खारी टाकत नाही. इथल्या माशांनी खडकावरचं शेवाळ खावं, तर तेही आता दहाच्या फेरीची वाट बघतात.

दुसऱ्या पाळीत लेक आणि जावई उतरले. पाण्यात डोकं घातल्यावर जावईबापूंची मळमळ थांबली आणि ज्ञान सुरू झालं. होडीत चढता चढताच ते सांगू लागले की पोपटमासा पोवळ्याचा खडक चावतो, आणि शेवटी त्याच्या पोटातून बारीक वाळू होऊन बाहेर पडते. मालदीवच्या ज्या पांढऱ्या वाळूचे फोटो लोक भिंतीवर लावतात, तिच्यात माशाच्या या शौचाचा मोठा वाटा आहे. सगळे थक्क. आमची नात आदल्या संध्याकाळपासून चिवल्याच्या किनाऱ्यावरची वाळू तोंडात टाकते आहे आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढते आहे. तिचं कुणाला कौतुक नाही.

रडून रडून ती माझ्या खांद्यावर झोपली, तेव्हा चिरंजीवांना आठवलं की ज्या बाळासाठी एवढं केलं त्याचा पाण्यातला फोटो राहिलाच. “नुसते पाय बुडवू.” मी नको म्हटलं. ह्यांनी नको म्हटलं. होडीवाल्यानेसुद्धा मान हलवली. लहान अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं, हेही आदल्या रात्रीच्या वाचनात होतं. तरी झोपेतले पाय बुडाले. त्या क्षणाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर आहे: तोंड उघडं, डोळे मिटलेले, गळ्याशी जॅकेट, कमरेला आजोबांचा पंचा. खाली लिहिलंय, ‘आमची जलपरी’. त्याला त्रेचाळीस बदाम आले. त्यातला एक विहीणबाईंचा, ज्यांनी गुडघेदुखीचं कारण देऊन सहल टाळली होती. विहीणबाई वाटतात तेवढ्या साध्या नाहीत.

परत किनाऱ्याला लागलो. पाय भुईला टेकल्यावर नातीने पहिल्यांदा स्वतःहून काही केलं. एका कोळणीच्या टोपलीशी उकिडवी बसली, आत बोट दाखवलं आणि स्पष्ट म्हणाली, “मासा.” दहा मिनिटं बघत होती. कोळीणही तिला बघू देत होती. काच नाही, नळी नाही, जॅकेट नाही. चिरंजीवांनी त्याचा फोटो काढला नाही. बॅटरी संपली होती.

पुण्यात येऊन तीन दिवस झाले. बाईसाहेबांचं नाक चोंदलंय. माळ्यावरची सहाण सूनबाईनेच खाली काढून दिली, पुरावा न मागता. चिरंजीव रात्री पाळण्याशेजारी बसून मोबाइलवर अंदमानचे दर बघतात. तिथेही पाच वर्षांखाली फुकट आहे म्हणे. काल मध्यरात्री मी वाफेचं भांडं घेऊन गेले, तर नात गाढ झोपेत तोंड उघडं टाकून, नाक पार विसरून, संथ लयीत श्वास घेत होती. चिरंजीवांनी मला खूण करून दाखवलं आणि हळूच म्हणाले, “बघ आई, चौघांत कुणाला जमत नव्हतं.”